अक्रोड, तिखट शेंगदाणे आणि न झालेला नातू

३ फेब्रुवारी, ओआहाका
सिद्ध करावयाचे ते असे : विचारपूर्वक भाजलेले अक्रोड, शेंगदाणे व भोपळ्याच्या बिया नियमित खाल्ल्यास माझी कन्या नेरेइदा व जावई इलारिओ यांना वर्षभरात अपत्य होईल. लग्नाला सहा वर्षे झाली. डॉक्टरांनी दोघांना सुका मेवा खाण्यास आणि इलारिओला मेस्काल सोडण्यास सांगितले. दारू त्याने नाताळापासून सोडली आहे. मेवा माझ्याकडे. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला तवा अवघड नसावा.

४ फेब्रुवारी
पहिली खेप करपली. दोष तव्याचा. पत्नी एउलालियाचे म्हणणे, तवा तिच्या आईचा असून पन्नास वर्षांत त्याची ही पहिलीच तक्रार आहे.

६ फेब्रुवारी
दुसरी खेप बिनमिठाची, बिनतिखटाची, शास्त्रशुद्ध. इलारिओने दोन दाणे खाल्ले आणि उरलेले कोंबड्यांना चालतील का, असे अदबीने विचारले.

९ फेब्रुवारी
सुधारणा : लसूण, सुकी लाल मिरची, मीठ, लिंबू. चव पाहिली. निर्दोष. (सोबत एक पेला मेस्काल, केवळ घसा साफ राहावा म्हणून. नोंद घेण्याजोगे नाही.)

१६ फेब्रुवारी
डबा तीन दिवसांत फस्त. इलारिओ स्वतः दुसरा मागायला आला. गाल लाल, वाणी मोकळी. मला मिठी मारली. सहा वर्षांत प्रथमच. परिणाम अपेक्षेआधीच दिसू लागले. एउलालिया म्हणाली, एकदा त्याचा वास घेऊन बघा. म्हटले, लसणाचा येणारच.

२ मार्च
पाचवा डबा. सुताराला पाळणा सांगितला.

११ मार्च, सकाळी
नेरेइदा एकटीच आली. रिकामा डबा टेबलावर ठेवला. डबा म्हणे घरी पोहोचतच नाही. कोपऱ्यावरच्या गुत्त्यात उघडतो.
"बाबा, मिरची-लसणाचे दाणे पुढ्यात आल्यावर आपल्या गावात पाणी कोण मागतं? सहा आठवडे थेंब नव्हता घेतला त्यांनी. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पहिल्यापासून दारूविना तीन महिने मोजा. मी एकोणचाळीसची आहे, बाबा."
मी भोपळ्याच्या बियांतल्या जस्ताविषयी काही सांगू लागलो. तिने डब्याचे झाकण लावले.

१२ मार्च
सुताराला थांबवले. मूळ विधान अद्याप खोटे ठरलेले नाही. त्याची परीक्षाच झाली नाही. मिरचीही निर्दोष होती. तथापि एक चूक मान्य करतो. ९ फेब्रुवारीला चव पाहताना माझ्याच हातात पेला होता, आणि ती गोष्ट मी कंसात लिहिली.

आन्सेल्मो किरोगा
तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक