कडी कुठल्या बाजूला

प्रिय धाकटे,

आणि तुझ्या खांद्यावरून वाकून हे पत्र वाचणाऱ्या शिवणखात्यातल्या तमाम बायांनो! तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. दुसरीचं पत्र दिसलं की तुमच्यातल्या एकीलाही धीर धरवत नाही. तर ऐका. आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. सकाळी आपण आत गेलो की पाठीमागे बाहेरून कुलूप पडायचं. आपण चोर नव्हतो, कैदी नव्हतो, गुरं तर नव्हतोच. गोठ्यालासुद्धा नुसती कडी असते. तरी आपल्याला कोंडलं जायचं, कारण कुणीतरी साहेबांच्या कानात सांगितलं होतं की बायका पदराआड कापड नेतात. ते कुलूप आपण भांडून काढायला लावलं. आणि आता येत्या सोमवारपासून ते परत लागणार आहे. वाचलं सगळ्यांनी? मग आता हात धुवा, डबे उघडा आणि माझ्या बहिणीला जरा एकटीला सोडा. पुढचं तिच्यासाठी आहे.

गेल्या का? नसतीलच गेल्या. असू देत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण मी बोलायला लागले की तू म्हणतेस, ‘ताई, ही सभा नाहीये,’ आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देतेस. तुझ्या घरी दिवसाला किती शिट्ट्या होतात गं? म्हणून लिहायला बसले. बसले कसली, दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीपर्यंत जाते, खालचा रस्ता बघते, परत येते. पाणी प्यायला म्हणून उठते आणि पेला तसाच हातात घेऊन फिरते. धागा अडकलेल्या मशीनसारखं झालंय माझं. पायाखाली सगळं धडधडतंय आणि टाका पुढे सरकत नाहीये. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच ठेवून देता आलं तरी ते कुठे जात नाही. पडून राहतं आणि तुझ्याकडे बघत राहतं.

तुला आठवतं, आई कामाला जाताना आपल्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायची? तिचा इलाज नव्हता. रस्ता वाहता, शेजार नवा आणि आपण दोघी उचापती. कडी वाजली की मी दाराला भिडायचे. लाथा, बुक्क्या, बोंबाबोंब. समोरची म्हातारी वैतागून म्हणायची, ‘हिला गिरणीवर भोंग्याच्या जागी ठेवा.’ तेव्हापासून मी भोंगा. संघटनेतली माणसं आजही मला त्याच नावाने हाक मारतात. तू मात्र पलंगावरची चादर खाली लोंबती सोडायचीस, तिच्याआड घर मांडायचीस आणि माझा फ्रॉक ओढून म्हणायचीस, ‘ताई, नको ना ओरडू. आत छान आहे.’ एकदा आई आली, तिने कडी काढली आणि तू पलंगाखालून बाहेरच येईनास. आई हसत होती. मला मात्र तुझा असा राग आला होता की मी तुझी मांडलेली भातुकली उधळून लावली.

मग मोठ्या होऊन दोघी एकाच शिवणखात्यात लागलो. त्या दुपारची आठवण काढलेली तुला आवडत नाही. मी काढणार आहे. काजवाली आठव. तुझ्या शेजारच्या मशीनवर दिवसभर शर्टांना काजं करायची आणि बोलायची इतकी कमी, की आपण म्हणायचो, हिने तोंडालाही काज करून बटण लावून टाकलंय. त्या दुपारी बाहेर राखणीला बसणाऱ्या म्हाताऱ्या दारमामाने दारावर थाप मारली. ‘काजवालीला सांगा, दवाखान्यातून माणूस आलाय. आईचं काही खरं नाही. लगेच बोलावलंय.’ आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात, सुपरवायझर मोठ्या कचेरीत. ती दारापाशी गेली. दाराला तळहात लावून उभी राहिली, जसं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. बाहेरून म्हातारा रडकुंडीला येऊन सांगत होता, ‘पोरी, माझ्याकडे किल्ली असती तर मी थांबलो असतो का गं?’ ती थोड्या वेळाने वळली, जागेवर येऊन बसली आणि घंटा होईपर्यंत काजं करत राहिली. तिच्या हातून एकही काज तिरकं गेलं नाही. आईची गाठ मात्र पडली नाही.

मी कापणीच्या टेबलावर चढले ते दुसऱ्या दिवशी. लोकांना वाटतं, कुलपाच्या रागाने चढले. मला राग त्या मशीनच्या आवाजाचा आला होता. लोखंडाने माणसाला अडवलं, हे मला समजत होतं. पण अडवलेलं माणूस मुकाट्याने परत कामाला बसतं आणि काम बिनचूक करतं, हे बघून माझ्या अंगाची लाही झाली. लोखंड दारावर होतं त्याहून जास्त आपल्यात उतरलं होतं. मी बोलले, मशीनं थांबली, तुम्ही सगळ्या फाटकात बसलात, उन्हात बसलात, शिव्या खाल्ल्यात. शेवटी साहेबांनी दोन गोष्टी कबूल केल्या: कुलूप निघेल आणि महिनाअखेरीस मीही निघेन. सौदा मला पटला. संप आणि मी, दोन्ही अडथळे एकदम दूर झाल्याचं समाधान त्या माणसाच्या तोंडावर अजून दिसतंय मला.

पुढचं मी कुठल्याच सभेत सांगत नाही. सभेत मी ‘आणि दार उघडलं!’ इथे थांबते आणि टाळ्या पडतात. पण कुलूप निघाल्यावरची ती पहिली सकाळ तू आणि मी पाहिली आहे. दोऱ्याची रिळं संपली म्हणून आपली उंचाडी उठली, दारापाशी गेली आणि तिने आतून दार ठोठावलं. उघडं दार! बाहेर दारमामा सवयीने उठला, सवयीने किल्ली मागायला सुपरवायझरकडे निघाला, मग भानावर येऊन ओरडला, ‘अगं बये, ढकल की! उघडंच आहे!’ काय हसलो आपण. उंचाडी लाजून लाल झाली. दुसऱ्या दिवशी दुसरीने ठोठावलं. मग तिसरीने. आठवड्याने हसणं बंद झालं आणि ठोठावणं राहिलं. आतून टकटक, बाहेरून ‘या’, मग दार उघडायचं. मामाने ‘या’ म्हटलं नाही तर बायका उभ्याच. मामाला तरी काय म्हणायचं? कुलूप गेल्यावर तो कसनुसा विचारत होता, ‘मी आता स्टूल कुठे ठेवू?’ दाराला पाठ लावून बसल्याशिवाय त्या माणसाला बसताच येईना. साहेब एकदा कचेरीच्या खिडकीतून हे बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला चिंता दिसली नाही.

आणि मी? तू म्हणशील, भोंगा तर सुटला. धाकटे, परवा एका मोठ्या सभागृहात भाषण होतं. मागच्या खोलीत बसवलं होतं, नाव पुकारल्यावर बाहेर जायचं. नाव पुकारलं. मी उठले आणि आतून दार ठोठावलं. बाहेरचा कार्यकर्ता घाबरून धावत आला, ‘बाई, अडकलात की काय?’ मी विनोद करून वेळ मारून नेली. व्यासपीठावर जाऊन माणसाच्या स्वातंत्र्यावर बोलले. छान बोलले, असं म्हणतात. तुरुंगातून सुटलेल्या माणसांच्या आठवणी मी रग्गड वाचल्या आहेत. मला कळायला हवं होतं. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि ठोठावतो तो हात.

आता तुझ्या त्या बोलण्याकडे येते, ज्यामुळे माझे पाय ठरत नाहीत. कुलूप परत लागणार हे तू सांगितलंस तेव्हा मी फोनवरच पेटले. म्हटलं, साहेबांची ही हिंमत! तू म्हणालीस, ‘साहेबांचं सोड, बायकाच म्हणतायत.’ मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग तू एकेक सांगत गेलीस. दार उघडं झाल्यावर पहिल्यांदा बोलवायला कोण आलं? आपले जावईबापू, तुझेच यजमान. त्यांच्या मातोश्रींच्या डोळ्यांत औषध घालायचं होतं. दोन धडधाकट हातांचा माणूस अर्धं शहर तुडवत येतो, चालू मशीनवरून बायकोला उठवून नेतो, कशासाठी? दोन थेंबांसाठी! मग उंचाडीचा सासरा आला, ‘पाहुणे आलेत, चहा कोण करणार?’ कुणाची नणंद, कुणाचा दीर. दारमामा आत डोकं घालून पुकारतो, ‘चला, तुमचं वॉरंट आलंय!’ बाई उठते, जाते, अर्धा दिवस कापला जातो, घरी ‘एवढ्यात दमलीस?’ ऐकून घेते. तुला तर आठवड्यातून चारदा. आणि मग तू ते वाक्य बोललीस: ‘ताई, कुलूप होतं तेव्हा दिवसभर तरी मी कुणाची नव्हते. दार बंद आहे, असं सांगता येत होतं.’

मी वकिलांशी वाद घातलाय, मंत्र्यांना भर सभेत गप्प केलंय. तुझ्या या वाक्यापुढे मला शब्द सापडला नाही.  आयुष्यभर मी बाहेरच्या कुलपावर बोलले. ते कुलूप कुणाला तरी छत्रीसारखं वाटत असेल, हे माझ्या कुठल्याच भाषणात नव्हतं. पलंगाखालून ‘आत छान आहे’ म्हणणारी तू तेव्हा काय सांगत होतीस, ते मला या वयात कळलं. तिथे तुला कुणी हाक मारत नव्हतं. मी सोडून!

पण धाकटे, आता माझं ऐक, ही सभाच समज हवं तर. ते कुलूप तुमच्या वतीने घरच्यांना ‘नाही’ म्हणत होतं, हे खरं. उसना आणलेला नकार होता तो. आणि कुलपाला माणसं ओळखता येत नाहीत. जावईबापूंच्या औषधाला ते नाही म्हणालं आणि काजवालीच्या आईलाही तेवढ्याच थंडपणे नाही म्हणालं. तूच सांगितलंस की सगळ्या बायका कुलपाच्या बाजूने बोलत होत्या तेव्हा काजवाली उठली, आपलं मशीन ओढत ओढत दाराजवळ नेलं आणि तिथे कामाला बसली. तुम्हाला ते विचित्र वाटलं. मला ते ऐकून रडू आलं. एवढं लांबलचक भाषण तिने जन्मात केलं नसेल.

आणि फोन ठेवता ठेवता तू शेवटचं सांगितलंस, हळूच, लहानपणी रिझल्ट सांगायचीस तसं: ‘मला मुकादम केलंय ताई. किल्ली माझ्याकडे राहणार.’ तुझ्या आवाजात आनंद होता. का नसावा? इतकी वर्षं मान मोडून शिवल्यावर पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या हातात काही ठेवतंय. मी ‘अभिनंदन’ म्हटलं आणि तोंड कडू झालं. म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी काजवाली दाराजवळच्या मशीनवर बसेल आणि तिच्या पाठीमागे जी किल्ली फिरेल ती साहेबांची नसेल, माझ्या बहिणीची असेल. हे होऊ देऊ नकोस. कुलूप लावू नकोस एवढंच मी सांगत नाही. उघडं दार तुला कसं छळतं ते तू मला शिकवलं आहेस. सोमवारी घंटेच्या आधी खात्यातल्या सुताराला बोलव आणि बाहेरची कडी काढून आतल्या बाजूला बसवून घे. मुकादम म्हणून तुझा तो पहिला हुकूम असू दे. जिला जायचं ती स्वतःच्या हाताने काढेल, कुणाच्या ‘या’ची वाट न बघता. आणि जावईबापू दोन थेंबांसाठी आले की कडी न काढता आतूनच सांग, ‘मी कामात आहे, तुम्ही घाला.’ आवाज फुटणार नाही असं वाटेल, फुटेल. तुझी ताई भोंगा आहे, रक्तात आहे ते. मुकादमकी कदाचित जाईल. घरी चार दिवस अबोला होईल. होऊ दे. आत छान आहे म्हणतेस ना? मान्य, एकदम मान्य. मग कडीही आत असू दे. सोमवारी, धाकटे. घंटेच्या आधी.

तुझीच, दाराला लाथा मारणारी,
ताई