डावीकडं झुकलेली अँबॅसिडर

अण्णा, तुमची अँबॅसिडर गेल्या आठवड्यात मी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली आणि तिचे मागचे पाटे, गाडीचं वजन झेलणाऱ्या त्या पोलादी कमानी, उतरवले. तुम्ही असता तर शेजारी खुर्ची टाकून बसला असता, कशालाही हात न लावता सूचना दिल्या असत्या आणि काम झाल्यावर 'आम्ही केलं' म्हणून सांगितलं असतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्या दिवशी गाडीखाली आडवी पडले आणि गंजाची माती तोंडावर पडायला लागली, तेव्हा मात्र तुमच्याविषयी जे वाटतं ते सगळं पुन्हा वर आलं.

मी नांदेडला आयटीआयत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते, हे तुम्ही पाहुण्यांना कधी सांगितलं नाही. 'मुलगी सरकारी नोकरीत आहे' एवढ्यावर विषय संपवायचात. बारावीत मी गणितात दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा तुमच्याच क्लासमध्ये, भरल्या वर्गात, मला उभं केलंत आणि म्हणालात, "हिच्या हातात पाना द्या, पेन उगाच वाया जातोय." सगळी पोरं हसली. तुम्ही हसू संपेपर्यंत थांबलात, मग खडू उचललात. आयुष्यात तुमचं एवढं एक भाकीत खरं ठरलं, आणि तेही तुम्ही अपमान म्हणून केलं होतं.

पाट्यांना धरणारे यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. दोन दिवस डिझेल पाजलं, तरी नट हलेनात; शेवटी गॅसनं कापले. उतरवलेले पाटे घेऊन मी इतवाऱ्यातल्या चाचांकडं गेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या कमान-पाट्यांचं काम आहे. त्यांनी दोन्ही बाजूंचे पाटे जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि डाव्यावर नुसतं बोट टेकवलं.

"ताई, ये किसने बिठाया? जीपचा जुना, बसलेला पाटा घुसडलाय ह्यात. गाडी डावीकडं झुकतच असंल."

"झुकते. माझ्या वडिलांनी लातूरला बसवून घेतला होता."

"मंग लातूरला कुनी मिस्त्री न्हवता का नीट करायला?"

"होते की. वडिलांना झुकलेलीच पाहिजे होती."

चाचांना ही थट्टा वाटली. ते हसले. त्यांनी तुमची भाषणं ऐकली नव्हती. दर शिक्षक दिनाला तुम्ही त्या गाडीशेजारी उभे राहायचात, टपावर हात ठेवायचात आणि भूकंपातल्या जखमींना वाहून वाहून हिचे पाटे कसे तुटले ते सांगायचात. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "ही गाडी झुकलेली नाही, ती नतमस्तक आहे." लोक डोळे पुसायचे. मी खुर्चीतून तुमच्याकडं बघायचे आणि तुम्ही माझी नजर बरोबर चुकवायचात. तेवढं कसब तुमच्यात होतं.

भूकंपाचा तो सहावा दिवस. मी दहावीत. निलंग्याच्या शाळेत पत्र्यांचे ट्रक येऊन पडलेत, आणि कोणत्या गावाला किती द्यायचे ती यादी तुमच्या हातात आहे. गणिताचे सर म्हणून लोकांनी विश्वासानं दिलीय. तुम्ही मला लातूरहून सोबत नेता. आई म्हणते, तिला कशाला तिथं? तुम्ही म्हणता, "मुलगी गाडीत असली की कुणी अडवत नाही." दोन खेपा झाल्यात. तिसऱ्या खेपेला टपावर पत्रे, डिकीत आणि मागच्या सीटवर लोखंडी पाइप, समोर 'भूकंपग्रस्त मदत' लिहिलेलं कापड. डांबरी रस्ता सोडून तुम्ही आडवाटेला लागता. रिमझिम चालू आहे. एका खड्ड्यात फाडकन आवाज होतो आणि गाडी माझ्या बाजूला बसते.

जवळच ताडपत्रीखाली माणसं बसली होती. त्यातले पाच-सहा जण धावत आले. दोघांची डोकी ताजी भादरलेली होती. घरात कुणीतरी गेल्याशिवाय माणूस असं डोकं करत नाही, हे मला त्या वयातही कळत होतं. त्यांनी न सांगता टपावरचे पत्रे एकेक करून खाली उतरवले. एकानं बाभळीचा ठोकळा आणला, बाकीच्यांनी गाडी उचलली तेव्हा दुसऱ्यानं तो तुटलेल्या पाट्यावर घालून दोरानं आवळला.

"मास्तर, हे पत्रे कुन्या गावचे?" डोकं भादरलेल्या एकानं विचारलं.

"पुढच्या गावचे."

"आमचे कवा येनार?"

"यादीत नाव आहे तुमचं. येतील."

"येऊ द्या लौकर. लेकरं भिजून राहिलीत."

आणि मग अण्णा, त्याच माणसांनी ते पत्रे पुन्हा टपावर चढवले. कड लागून एकाचा तळहात कापला, तो त्यानं धोतराला पुसला. एक बाई तांब्याभर पाणी घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "बापासंगं मदत करून राहिलीस व्हय? शानी हायस गं." मी मान हलवली. तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतात, उशीर होतोय म्हणून.

पत्रे आपल्या परसात लागले. लातूरला चहूकडून पोरं शिकायला यायला लागली तेव्हा आपल्याकडं शेड तयार होती. बाकीचे मास्तर अजून जागा शोधत होते. पाऊस आला की वर इतका ताडताड आवाज व्हायचा की तुम्हाला ओरडून शिकवावं लागायचं. चोराला निदान माल लपवावा लागतो. तुम्ही त्याच्याखाली उभं राहून प्रामाणिकपणावर बोलायचात, प्रमेय सिद्ध करताना 'गणितात खोटं चालत नाही' म्हणायचात. मला तुमच्या चोरीची इतकी किळस नाही. घाबरलेला, हपापलेला माणूस चोरी करतो. पण त्या माणसांच्या उपकाराचं तुम्ही स्वतःचं पुण्य केलंत, हे इतकं हलकं काम आहे की त्याला मराठीत शिवीसुद्धा पुरत नाही.

धाकटा आता तुमचा क्लास चालवतो. इमारत तीन मजली झालीय. त्याला गाडी फाटकाजवळ चौथऱ्यावर ठेवायची आहे. "ताई, पालक फोटो काढतात, तिरपी बरी दिसत न्हाई. पाटे तूच बदल," म्हणाला. म्हणून ती टोचन करून नांदेडला आली. नवे पाटे चढवत असताना त्याचा फोन आला, तेव्हा मी त्याला पत्र्यांचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. वाटलं, आता तो हादरेल.

तो म्हणाला, "माहीत हाय ताई. आईनं जाताना सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? एवढी पोरं शिकून राहिलीत. आता पत्रे कुनाला नेऊन देऊ?"

मी फोन ठेवला आणि पुन्हा गाडीखाली गेले. पाट्यांचे टोकाचे बोल्ट हवेत असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकू द्यायची, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ द्यायचं, मग शेवटचा आवळ द्यायचा. तसं केलं. मागं जाऊन उभी राहिले. गाडी सरळ उभी होती, तुमच्याशिवाय एकदाची सरळ.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. धाकट्यालाही नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, आणि ती सांगायला इतका कागद लागला. काल त्यानं चौथऱ्यावरच्या फलकाचा मजकूर पाठवला: 'भूकंपातील जखमीना या वाहनातुन रुग्णालयात पोहचवले'. खाली तुमचं नाव. म्हणाला, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे, बघून दे. मी 'जखमीना'वर अनुस्वार दिला, 'वाहनातुन'मधला उकार दीर्घ केला आणि परत पाठवून दिला. दुसरं काही खोडलं नाही.