आबांची बडगी, नानांचे मुसळ

मी, वृषाली कौतिक सोनवणे, वय ४६, रा. पारोळा, जि. जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे मला वाटते. डॉक्टरांनी तसा दाखलाही दिला आहे. बुधवारी नाशिकला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून ही घाई.

१. बँकेतली ठेव व स्कूटर चुलतबहीण मेघा हिला. स्कूटरचा ब्रेक उशिरा लागतो, हे आधीच सांगून ठेवते.

२. माझ्या रोजनिश्या जाळाव्यात. वाचून जाळल्या तरी हरकत नाही. त्यांत माझ्याविषयीच्याच तक्रारी जास्त आहेत.

३. घर माझे नाही, पण त्यातल्या भिंतीविषयी लिहिणे भाग आहे. अलीकडे माझे वडील, आबा. पलीकडे काका, लोटन नाना, मेघाचे वडील. आबा दीपनगरच्या वीज केंद्रात युनियनचे, मनाने रशियाचे. नाना ट्रॅक्टर मेकॅनिक, तितकेच अमेरिकेचे. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा नानांनी गल्लीत जिलबी वाटली. एक पुडा आबांकडेही पाठवला. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. पुढे वाटणी झाली. भरिताची वांगी ज्यात घालून ठेचायची ती लाकडी बडगी आबांकडे आली, ठेचायचे मुसळ नानांकडे गेले. भरीत दोघांनाही हवे, पण आधी मागायचे कोणी? दोघेही सशस्त्र आणि दोघेही उपाशी, अशी ही शस्त्रसंधी.

४. या दोन राष्ट्रांमधली हॉटलाइन मी आहे. यंदा फेब्रुवारीत अमेरिका-रशियाचा अण्वस्त्रांवरचा शेवटचा करार संपला, त्या दिवशी सगळा दोष अमेरिकेवर टाकत आबा म्हणाले, “लोटनले सांग, बठ्ठं तुन्हा अमेरिकानी करेल शे.” भिंत अर्ध्या विटेची, पलीकडे सगळे ऐकू जाते. तरी मी उठून सांगायला गेले. नाना म्हणाले, “आबाले सांग, रशिया मोडी गया, पन तुन्हा फुगा काही फुटना नही.” तेही परत येऊन सांगितले. माझ्यामागे हे काम मेघाने करावे. तिला जमले नाही तर हे दोघे न बोलताच जातील, एवढीच भीती घेऊन मी नाशिकला जाते आहे. ऑपरेशनची नाही. खरे लिहायचे तर, त्याचीही आहे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. म्हणून आबा-नानांना काहीही ठेवलेले नाही आणि साक्षीदार त्यांनाच केले आहे. दोघांनी एका टेबलाशी बसूनच सही करावी असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते.

ताजा कलम: कोणाची सही वर, यावर अर्धा तास गेला. शेवटी मी कागदावर शेजारी-शेजारी, एका रेषेत जागा आखून दिली. आबा चष्मा विसरले होते. सवयीने मी उठणार होते. मुद्दाम बसून राहिले. बऱ्याच वेळाने नानांनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावरून सरकवला.

“ले. अमेरिकाना नही, धुळ्याना शे.”

आबांनी तो लावला, कागद जवळ धरला.

“नंबर बरा शे.”

सबब कलम ४ रद्द समजावे. मजकूर वाढल्यामुळे दोघांच्या सह्या पुन्हा घेतल्या आहेत. मेघाला वांगी आणायला पाठवले आहे.

लिहून देणार: वृषाली कौतिक सोनवणे

साक्षीदार: कौतिक सोनवणे | साक्षीदार: लोटन सोनवणे

पारोळा, रविवार, १५ मार्च २०२६