पोचाच तर आहे

केदार,

१९८४ साली वरंध घाटात आजोबांच्या जीपचं काय झालं, हे तुला घरात कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या जीपची किल्ली घेऊन मी नीरजाआत्याकडे कोथरूडला गेले आहे. चिडायचं तर चीड, रिक्षा मिळतात. रविवारी दगडावर आपटून मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे चाकांमधल्या तेलाच्या लोखंडी खोळीला, पोचा आला. सोसायटीची फरशी खराब होऊ नये म्हणून तू खाली सारलेला पुठ्ठा आज तेलाने भिजलाय. तू म्हणालास, "आजी, पोचाच तर आहे." मेकॅनिकने हाउसिंग उतरवून बघितल्याशिवाय किल्ली मिळणार नाही.

तेव्हाही पोचा तिथेच होता. आजोबा गॅरेजला निघाले होते. मला माहेरच्या लग्नाची घाई. मीच म्हणाले, "पोचाच तर आहे, पातेल्याला नसतो का? चला." उतारावर तेल ब्रेकमध्ये उतरलं आणि ब्रेक लागलाच नाही.

आजोबांचे धाकटे भाऊ, मुकुंदभावजी, तिथेच गेले. त्यांच्या बायकोने, सुमनने, दोन्ही मुली एकटीने वाढवल्या. अजून मला दिवाळीला साडी पाठवते. आजोबांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि माझं ते वाक्य मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आजी