सतीशच्या गाडीच्या काचा

३० एप्रिल, रवि.
सतीश नवी गाडी दाखवायला अंबरपेठेत आला. वर्षभर माझ्या या भावाला बापाचं घर सापडत नव्हतं, गाडी घेतल्यावर सापडलं. आबांना खुर्चीसकट दारात नेलं. सतीश पार पानाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहिला, चावीवरचं बटण दाबून धरलं. चारही काचा आपोआप वर. परत दाबलं, खाली. गल्ली जमली. मुद्दाम बसवून घेतलंय म्हणे.
आबांनी जन्मभर बस चालवली. अर्धांग झाल्यापासून पहिल्यांदा एवढे हसले. "बघितलीस?" मला म्हणाले. बघितली. मालिश कोण करतं ते बघायला गल्ली जमत नाही.

१३ मे, शनि.
आबांना कोठी भागातल्या डॉ.कडे न्यायला सतीश आला होता. परत निघताना औषधाच्या दुकानासमोर, भर उन्हात, गाडी थांबवली. मी उतरले तेव्हा काचा खाली, सतीश स्टिअरिंगवर, आबा मागच्या सीटवर. मागच्या दाराला लेकरासाठीचं लॉक, आतून उघडत नाही.
औषधं घेऊन आले तर गाडीभोवती माणसं. काचा बंद. सतीश नाही. आत आबा, चालतो त्या डाव्या हाताने काच बडवत. शर्ट अंगाला चिकटलेला. मी हँडल ओढत राहिले. एक फळवाला म्हणाला, "बुड्ढे को अंदर बंद करके कौन गया अम्मा?" आणि दगड शोधायला पळाला.
तेवढ्यात रस्त्यापलीकडून सतीश, कानाला मोबाइल. तिथूनच बटण दाबलं. काचा सरसर खाली.
"सवयीनं दाबलं गं ताई. चोऱ्या किती होतात इथं. गाडी थांबेपर्यंत एसी होता की."
आबांना पाणी पाजलं, निम्मं सांडलं. सतीशनं रुमाल काढला. सीट पुसली. आबांचं तोंड मी पदराने पुसलं.

१४ मे, रवि.
सतीशच्या बायकोचा फोन. "ताई, आबांना एकटं टाकून तुम्ही दुकानात कशा गेलात?"
म्हणजे घरी हे सांगितलंय त्यानं.
"चावी कुणाकडे होती, ते विचार त्याला," म्हटलं.
"जाऊ द्या ना. ह्यांना बीपी आहे."
फोन आपटला.

१७ मे, बुध.
आबा संडासचं दार लोटू देत नाहीत. मी बाहेर पाठ करून उभी राहते. लाजतात, पण दार नको. जेवताना विचारलं, "सतीशला काय बोलू?" घास गिळला. मग, "नवी गाडी आहे. हात बसायचाय त्याचा."
मी उठले. भांडी आपटून घासली.

२० मे, शनि.
शेवटी मीच सतीशला फोन केला. आबांची माफी माग म्हटलं, माझी नको.
"विसरलो गं. माणूस विसरत नाही का? तू तमाशा करतेस. ने मग ऑटोतून."
नेते. कंबर मोडली तरी नेते.

२७ मे, शनि.
आज परत डॉ.ची वेळ. ऑटो दारात. आबांना उठवून उभं करते तोच सतीश हजर, न सांगता. माफीबिफी काही नाही. पुढचं दार उघडून म्हणाला, "आबा, आज पुढे बसा, माझ्याजवळ."
"आबा, कशात बसायचं तुम्ही सांगा," मी म्हटलं.
गाडीकडे बोट केलं. डोकं भणाणलं माझं. तरी बसवलं, मीच.
सतीश दार लावायला गेला तर आबांनी चांगला पाय बाहेरच ठेवला.
"आबा, पाय."
"हौ," म्हणाले. पाय हलला नाही.
"आबा, उशीर होतोय."
समोर बघत बसले. सतीशनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शिकवलंय. ऑटोवाला वैतागून गेला. वेळ टळली.
"ताई, तू सांग ना त्यांना."
नाही सांगितलं. आत आले, कुकर लावला, हे लिहितेय. खिडकीतून दिसतंय. आबा तसेच बसलेत. सतीश उन्हात दार धरून उभा आहे.