देवीशी भांडण

शुक्रवार, सावेडी.

लेक मनीषा नाटकात देवीची भक्तीण होणार म्हटल्यापासून मला घोर लागला होता. नाटकवाले देवाधर्माची टिंगल करतात, असं नणंदबाईंनी डोक्यात भरवलेलं. आज नाटकाला गेले खरी. लेक देवीपुढं उभी राहून म्हणते कशी, "अगं बये, ऐकतीस का झोपलीस?" अरे देवा, हे तर माझंच! दिवा लावताना मी रोज अशीच भांडते. आता लोक हसणार म्हणून डोळेच मिटले. पण कुणी हसलं नाही. डोळे उघडले, तर शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी हात जोडलेले. हुश्श झालं.

बाहेर येऊन विचारलं, "माझं भांडण कशाला घेतलंस गं?"

"आई, लिहिलेली प्रार्थना फार गुळमुळीत होती. तुझ्यासारखं हक्कानं देवीशी कोण बोलतं?"

बरं वाटलं. पण आता भांडायचं ते दार लावूनच.