भिंतीपलीकडचे चौकोन

प्रिय ठकू,

फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला घाबरट म्हणून मोकळी होतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

तू दिलेल्या दादाच्या टेपांवरून प्रकाशकांनी फ्लामेंको, म्हणजे त्याच्या त्या स्पॅनिश ढंगाच्या गिटारच्या स्वरलेखनाचं पुस्तक केलंय, आणि ते तपासायला माझ्याकडेच आलंय. तुला अजून वाटतं, मी छपाईच्या चुका शोधते. अगं, एकच स्वर दोन-तीन तारांवर मिळतो; वाईट पुस्तकातही स्वर बरोबर असतात, पण तार चुकलेली असते. वाजवायला बसलं की बोटांची नुसती ओढाताण. म्हणून मी पुस्तक वाचत नाही, गिटार मांडीवर घेऊन वाजवून बघते. हात आपोआप वळला, तर लिहिणाऱ्याचा कान खरा.

हा कान खरा आहे. पहिल्याच पानावर दादा भेटला. दारात चेंगरलेलं ते बोट वाचवत तो भलत्याच तारेवर जायचा ना, अगदी तसंच. टेप ऐकून हे स्वर लिहिणाऱ्या बाईंनी त्याला कधी पाहिलेलंही नाही! मी रडत रडत वाजवलं. शाळेत पियानो शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या असत्या, आधी नाक पूस, मग सूर लाव.

खोट एकच सापडली. गिटारच्या लाकडावर बोटाने ठोका मारायचा असेल, तर स्वरावर छोटा चौकोन काढतात. इथे काही चौकोन अशा जागी होते, जिथे उजव्या हाताची सगळी बोटं तारांत गुंतलेली. तिथे ठोका द्यायला तिसरा हात हवा! पेन्सिलीने प्रश्नचिन्हं करता करता मला एकदम हसू फुटलं. आई! दादाची लय पळायला लागली की पलीकडच्या खोलीतून, अंथरुणावरूनच, ती भिंतीवर मूठ आपटायची आणि ओरडायची, घोडं आवर रे मेल्या! संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकाची घाई बरोबर कळायची. लिहिणाऱ्या बाईंनी तो ठोकाही वाजवण्यातलाच समजून इमानाने उतरवलाय. खोडरबर हातात घेतलं, पण आईचा हात पुसायला मन होईना.

मग शेवटची रचना काढली. आई गेल्यानंतर दादाने बसवलेली. ती टेप करताना तुम्ही दोघंच घरात होतात. मी माझ्या घरी परत निघाले होते आणि आईच्या कुलूप लावलेल्या खोलीची किल्ली चुकून माझ्या पर्समध्ये आली होती, त्यावरून तू मला केवढं बोलली होतीस.

ठकू, त्या रचनेतही चौकोन आहेत. लय पळते, बोटं गुंतलेली असतात, आणि तिथेच चौकोन. त्यानंतर दर वेळी लय उतरते. म्हणजे दादाने ऐकलं, आणि घोडं आवरलं. लिहिणाऱ्या बाईंचा कान फसला असेल, म्हणून मी मूळ टेप मागवली. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या ठेवून ऐकली. ठोके आहेत. जवळचे नाहीत, भिंतीआडून येतात तसे बोदे.

चौकोन ठेवायचे की काढायचे, हे मला प्रकाशकांना कळवायचंय. पण हे पत्र त्यासाठी नाही. टेपरेकॉर्डर मांडीवर धरून तूच गंमत म्हणून भिंतीवर मूठ मारत होतीस का? तसं असेल तर एका ओळीत लिही, मी हसून सगळं पुसून टाकीन. फक्त माझ्या समाधानासाठी हो म्हणू नकोस. कारण शेवटचा ठोका दादाचा शेवटचा स्वर विरल्यानंतरचा आहे. आवरायला तिथे काहीच उरलं नव्हतं. त्या ठोक्यामागोमाग कुणीतरी अगदी हळू दादाचं घरातलं नाव घेतंय, आणि तिथेच टेप खटकन बंद झालीय. बटण तुझ्या बोटाखाली होतं. त्या दिवसानंतर दादाने शेवटपर्यंत गिटार हातात धरली नाही, आणि तू त्याला एकदाही कारण विचारलं नाहीस.

तुझीच,
ताई